परदेशातील लांब पल्ल्याचा बाइक प्रवास: चोरी आणि लाचखोरीपासून गाडी, कागदपत्रे आणि पैसा कसा सांभाळावा

ठाणे आणि नवी मुंबईत आता तीन प्रकारचे रायडर सहज भेटतात. काही जण स्वतःच्या गाडीने नेपाळ किंवा भूतान गाठतात, काही जण न्हावा शेवा बंदरातून गाडी कंटेनरने आखातात किंवा आफ्रिकेत पाठवून तिथून पुढे निघतात, आणि बरेच जण विमानाने थायलंड किंवा व्हिएतनामला जाऊन भाड्याची बाइक घेतात. तयारीच्या चर्चा मात्र टायर, सस्पेन्शन आणि व्हिसा यांच्यापुढे क्वचितच सरकतात. चोरी झाली किंवा कोणी पैसे मागितले तर काय करायचे, हा प्रश्न ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ म्हणून बाजूला राहतो. तो बाजूला राहू नये, यासाठी हा लेख आहे. बिघडलेली गाडी कुठेतरी दुरुस्त होतेच. पासपोर्ट गेला किंवा कस्टमच्या कागदावरचा एक शिक्का राहून गेला, तर मात्र प्रवास थांबतो आणि घरी बँकेत ठेवलेली रक्कमही अडकते.

चोर आणि लाच मागणारा अधिकारी या दोघांनाही घाईतला माणूस हवा असतो. अंधार पडण्याआधी हॉटेल शोधायचे आहे, उद्या व्हिसा संपतो आहे, परवा परतीचे विमान आहे, अशा अवस्थेतला प्रवासी गाडी कुठेही लावतो आणि कोणालाही पैसे देतो. म्हणून पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींचा हेतू एकच आहे, तो म्हणजे तुमच्या हाताशी नेहमी थोडा वेळ शिल्लक ठेवणे.

पहिली पायरी: मार्ग आणि वेळापत्रक

नकाशावर रोजचे अंतर आखताना सीमा ओलांडण्याचा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. त्या दिवशी शंभर-दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर धरू नये आणि सीमेवर सकाळी कार्यालय उघडतानाच हजर राहावे. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दुपारी सीमेवर पोहोचणे टाळावे. अनेक अरब देशांत ही सुट्टी शुक्रवारी असते. दुपारी चारला पोहोचलेल्या माणसाला ‘साहेब निघाले, उद्या या, नाहीतर काहीतरी बघू’ असे सांगणे सोपे असते, पण सकाळी नऊला पाण्याची बाटली आणि खाण्याचा डबा घेऊन बाकावर शांत बसलेल्या माणसावर हा दबाव चालत नाही. मोठ्या शहरातही उजेडातच शिरावे, म्हणजे एकाच्या जागी तीन हॉटेलांचे पार्किंग पाहता येते.

देश निवडताना ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही संस्था दरवर्षी प्रसिद्ध करत असलेला भ्रष्टाचारविषयक निर्देशांक जरूर पाहावा. त्यात सुमारे १८० देशांना ० ते १०० असे गुण असतात आणि जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार, अशी त्याची रचना आहे. हा निर्देशांक सार्वजनिक क्षेत्राबद्दलच्या जाणकारांच्या मतांवर आधारलेला असल्यामुळे रस्त्यावरच्या एखाद्या नाक्याचा अंदाज त्यातून येईलच असे नाही, आणि कोणताही देश कायमचा तसाच राहतो असेही नाही. जॉर्जियाने २००४ मध्ये आपले लाचखोरीने पोखरलेले वाहतूक पोलीस दल बरखास्त करून नवे दल उभारले आणि तिथल्या रस्त्यांचा अनुभव पार बदलला. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून राहू नये.

देशाइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची असते ती सीमाचौकीची निवड. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया आणि सेनेगल यांच्यामधली रोसो ही फेरीबोटीची चौकी दलाल आणि पैसे उकळणाऱ्यांसाठी इतकी कुप्रसिद्ध आहे की जाणकार मोटारसायकलस्वार नदीच्या मुखाकडच्या दियामा धरणावरून पलीकडे जातात. तो रस्ता कच्चा आहे आणि पावसात चिखलाने अवघड होतो, तरीही कोरड्या मोसमात मी तोच सुचवीन. याच मॉरिटानियात नाक्यानाक्यावर पासपोर्ट आणि गाडीचा तपशील मागतात. तो एका पानावर छापून त्याच्या बऱ्याच प्रती जवळ ठेवल्या तर प्रत देऊन पुढे निघता येते आणि मूळ पासपोर्ट कोणाच्या टेबलावर पडून राहत नाही.

दुसरी पायरी: कागदपत्रे

लाच बहुधा कागदातल्या फटीतून आत येते. कागद पुरे असतील तर अधिकाऱ्याकडे नुसते अडवून ठेवणे एवढाच उपाय उरतो, आणि त्याला वेळ हे उत्तर आहे.

इराण, इजिप्त, केनिया, ऑस्ट्रेलिया अशा देशांत स्वतःची गाडी न्यायची तर कार्नेट हा दस्तऐवज लागतो. गाडी परत बाहेर नेली जाईल आणि नेली नाही तर आयातशुल्क भरले जाईल, याची ती हमी असते. आपल्या भागातल्या रायडरांसाठी तो मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमार्फत मिळतो. त्याची मुदत एक वर्ष असते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार व देशांनुसार ठरणारी बँकहमी किंवा ठेव द्यावी लागते. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना सर्वांत खालचा भाग कस्टमवाले फाडून घेतात, बाहेर पडताना मधला घेतात आणि वरचा भाग तुमच्याकडे राहतो. त्या वरच्या भागावर प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही शिक्के तारखेसह आणि सहीसह उमटले पाहिजेत. ‘शिक्क्याची गरज नाही, जा पुढे’ असे कोणी कितीही प्रेमाने सांगितले तरी खिडकी सोडू नये, कारण निर्गमनाचा शिक्का नसेल तर कागदोपत्री तुमची गाडी त्याच देशात विकली गेल्यासारखी असते आणि शुल्काची मागणी तुमच्या हमीवर येते.

नेपाळला भारतीय गाडीसाठी कार्नेट लागत नाही. सीमेवर भन्सार, म्हणजे मुक्कामाच्या दिवसांनुसार आकारले जाणारे सीमाशुल्क, भरावा लागतो. सुनौली किंवा रक्सौलला भारतीय बाजूलाच ‘मी करून देतो’ म्हणणारे दलाल भेटतात. थेट खिडकीवर जावे, दिवस मोजून भन्सार घ्यावा, आणि ती पावती परतेपर्यंत जपावी.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ठाण्याच्या एमएच-०४ किंवा नवी मुंबईच्या एमएच-४३ आरटीओ कार्यालयातून मिळते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. पण हे परमिट सर्वत्र चालते, हा समज चुकीचा आहे. भारताचे परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिले जाते, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला देश आहे; त्यामुळे तिथे ५० सीसीपेक्षा मोठी बाइक भारतीय परमिटवर चालवणारा प्रवासी कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना ठरतो. पोलिसाने अडवल्यावर त्याच्याकडे खरे कारण असते, आणि अपघात झाला तर प्रवासविमाही हात वर करतो. अशा देशात पैसे देऊन सुटण्याचे बेत आखण्यापेक्षा स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरणे शहाणपणाचे आहे.

आरसीचे मूळ स्मार्टकार्ड जवळ हवे. डिजिलॉकर आपल्याकडे चालते, परदेशातल्या पोलिसाला त्याचे काही नसते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे. तसेच आपला मोटारविमा देशाबाहेर आपोआप लागू होत नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी थोडा जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्रवाढीची नोंद पॉलिसीवर करून घेता येते; ती नसेल तर काठमांडूत गाडी चोरीला गेल्यावर दावा टिकत नाही. युरोपात सीमेवर मिळणारा विमा हा तृतीय पक्षाचा असतो आणि त्यात चोरीचा समावेश नसतो, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी: न्हावा शेवातून गाडी पाठवणे

‘वरखर्च’ मागण्याची सुरुवात अनेकदा घराजवळच होते. क्लिअरिंग एजंटकडून सर्व खर्चाचे लेखी दरपत्रक घ्यावे, आणि त्यात पावती न मिळणारी ‘इतर’ अशी ओळ असेल तर ती कशाची आहे हे विचारावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि जबरदस्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करावी लागते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठीच आहे.

क्रेटमधून, म्हणजे गाडी ज्या लाकडी पेटीत बंद करून पाठवतात तिच्यातून, होणारी चोरी बारीकसारीक वस्तूंची असते. आरसे, टूलकिट, फॉगलाइट, मोबाइलचे माउंट अशा वस्तू वाटेत नाहीशा होतात. क्रेट भरताना स्वतः हजर राहावे, प्रत्येक बाजूचे फोटो काढावेत, सामानाची यादी करून तिच्यावर एजंटची सही घ्यावी, लाकडावर उष्मा-उपचाराचा आयएसपीएम-१५ शिक्का आहे का ते पाहावे आणि कंटेनरच्या सीलचा क्रमांक लिहून ठेवावा. उतरण्याच्या बंदरात गोदामभाडे दिवसागणिक चढते. तिथे लाच मागणाऱ्याचे सगळे बळ त्या वाढत्या भाड्यात असते. म्हणून गाडी पोहोचण्याच्या सुमारासच आपणही पोहोचावे आणि कागद सुटण्यासाठी आठवडाभर धरून चालावे.

चौथी पायरी: पैसा, पासपोर्ट आणि फोन

परदेशी चलनाच्या नोटा एका प्रवासासाठी बहुतेक देशांकरिता ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. हे पैसे तीन ठिकाणी विभागावेत. थोडे रोजच्या पाकिटात, मुख्य रक्कम कपड्यांच्या आत अंगावर, आणि उरलेले गाडीत. गाडीतल्या जागेसाठी वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सीटखाली किंवा बॅशप्लेटच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत एक छोटी कुलपाची पेटी वेल्ड करून घेता येते; खर्च फार नसतो. रोजच्या पाकिटात एक मुदत संपलेले कार्ड आणि मोजक्या नोटा असल्या की लुटारूला ते देऊन टाकता येते. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या आणि शिक्का नसलेल्या असाव्यात, कारण जुन्या नोटा नाकारून कमी दर देणे ही सीमेवरच्या चलनबदल्यांची नेहमीची चाल आहे.

पासपोर्ट अंगावरून कधीही काढू नये. तो हरवल्यास भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असते. याचा अर्थ तुम्ही घरी याल आणि गाडी कार्नेटसह परदेशात अडकेल. नवा पासपोर्ट मिळवला तरी जुन्यातले व्हिसा त्यात येत नाहीत. माझ्या मते गाडीच्या चोरीपेक्षाही ही चोरी जड जाते.

फोनच्या बाबतीत एक काम आज रात्रीच करून टाकावे. सिमला पिन लावावा. फोनला लॉक असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. सिमला पिन असेल तर हा मार्ग बंद होतो. दुसरा जुना फोन, वेगळ्या बँकेचे कार्ड आणि वेगळा क्रमांक सामानात ठेवावा. कागदपत्रांच्या स्कॅनप्रती ईमेलवर आणि घरी विश्वासातल्या माणसाकडे असाव्यात. हॉटेलचे नाव आणि ‘आत्ता इथे आहे’ अशी पोस्ट मात्र टाकू नये. तो गाव सोडल्यावर काय ते टाकावे.

पाचवी पायरी: गाडीचे कुलूप

हँडललॉक हे कुलूप मानूच नये, कारण हँडलला जोराचा झटका देऊन ते मोडता येते. लंडन, मिलान, बार्सिलोना अशा शहरांत दोन-तीन माणसे गाडी उचलून व्हॅनमध्ये टाकतात आणि कुलूप सावकाश नंतर तोडतात. म्हणजे नुसते डिस्क लॉकही पुरत नाही. गाडी एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला, म्हणजे लोखंडी खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला, साखळीने बांधावी लागते.

साखळी कशी घालावी, हे येऊरच्या पायथ्याला किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करून पाहण्यासारखे आहे. कठीण पोलादाची, चौकोनी किंवा षट्कोनी कड्यांची, दहा मिलिमीटरच्या आसपास जाडीची साखळी घ्यावी. ती मागच्या चाकातून आणि फ्रेममधून ओवावी. पुढचे चाक सुटे करून बाकी गाडी नेता येते, म्हणून पुढच्या चाकात नको. साखळी ताणून घ्यावी, इतकी की ती जमिनीला टेकणार नाही. जमिनीवर पडलेल्या कडीवर हातोडा घालता येतो आणि बोल्ट-कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून पायाने दाबता येतो. हवेत लटकणाऱ्या कडीवर हे जमत नाही. किल्लीचे भोक खाली, जमिनीकडे राहील असे कुलूप फिरवावे. पुढच्या डिस्कवर अलार्मवाले दुसरे कुलूप लावावे आणि त्याची आठवणीची रंगीत तार ग्रिपला अडकवावी, म्हणजे सकाळी कुलूप विसरून गाडी काढली जाणार नाही. अँगल ग्राइंडरपुढे कोणतीच साखळी टिकत नाही. पण त्याला वेळ लागतो, आवाज होतो, आणि शेजारची मोकळी गाडी सोपी दिसते.

वर साधे, मळकट, कंपनीचे नाव नसलेले कव्हर घालावे. शक्य तिथे हॉटेलच्या आतल्या अंगणात गाडी घेण्याची विनंती करावी. मध्य आशियात आणि दक्षिण अमेरिकेत छोट्या गेस्टहाउसचे मालक फाटक उघडून गाडी आत घेतात. दुसरी किल्ली टूलकिटमध्ये ठेवण्याची सवय आजच सोडावी. विमा कंपन्या चोरीच्या दाव्यात दोन्ही किल्ल्या मागतात, त्यामुळे ती जॅकेटच्या आतल्या खिशात शिवून ठेवावी. एअरटॅगसारखा ट्रॅकर आसपास आयफोन असतील तरच उपयोगी पडतो, म्हणून तो शहरापुरता समजावा. त्याने गाडीचा ठिकाणा दाखवलाच तर तिथे स्वतः जाऊ नये, तो ठिकाणा पोलिसांना द्यावा.

सहावी पायरी: दिवसाढवळ्या होणाऱ्या चोऱ्या

रात्रीच्या पार्किंगची चिंता सगळे करतात. माझ्या मते सामान लादलेली गाडी दिवसा, पाच मिनिटांच्या थांब्यात अधिक उघडी असते. खारघरच्या एका रायडरची टँकबॅग, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसवायची पिशवी, दक्षिण युरोपातल्या पेट्रोल पंपावर, तो काचेपलीकडे बिल भरत असताना, समोरून गेली. त्यात कॅमेरा होता आणि दुर्दैवाने दोन्ही कार्डेही होती. टँकबॅग हातात घेऊनच बिल भरायला जावे आणि किल्ली इग्निशनमध्ये ठेवू नये.

स्पेनच्या महामार्गांवर ‘तुमचा टायर बसलाय’ असे खुणावून थांबवणारे आणि मदतीच्या निमित्ताने सामान पळवणारे ठग जुने आहेत. अशा खुणेवर थांबू नये. पुढच्या गजबजलेल्या पंपावर जाऊनच टायर पाहावा. तोतया पोलीस बहुधा साध्या कपड्यांत येतात आणि बनावट नोटा तपासायच्या आहेत म्हणून पाकीट मागतात. खऱ्या पोलिसाला तुमच्या पाकिटाशी कर्तव्य नसते. ‘आपण पोलीस ठाण्यात जाऊन बोलू’ असे म्हणून युरोपात ११२ आणि थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक फिरवावा.

सातवी पायरी: पोलिसाने अडवले तर

गाडी कडेला, इतरांना दिसेल अशी उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी, कारण किल्ली त्याच्या हातात गेली की बोलणी त्याच्या मनाप्रमाणे होतात. हेल्मेट आणि गॉगल काढून, हसून नमस्कार करावा. आधी छायाप्रती द्याव्यात, त्या छायाप्रती आहेत हे सांगूनच द्याव्यात, आणि मूळ कागद मागितल्यास तो आपल्या हातात धरून दाखवावा.

दंड सांगितला की तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात. कोणता नियम मोडला, लेखी चलन मिळेल का, आणि पैसे कोणत्या कार्यालयात किंवा बँकेत भरायचे. इथे एक भेद समजून घ्यायला हवा. ऑस्ट्रिया, जर्मनी अशा देशांत परदेशी चालकाकडून जागेवर दंड घेणे कायदेशीर आहे. तिथे पावती मिळते आणि ‘लाच मागता का’ असा सूर लावणे हा अपमान ठरेल. चूक आपली असेल तर दंड भरावा. पावती नाकारली जात असेल, रक्कम हळूहळू उतरत असेल, किंवा ‘ठाण्यात गेलात तर दुप्पट पडेल’ असे ऐकवले जात असेल, तर समोर काय चालले आहे ते स्पष्ट आहे. तेव्हा म्हणावे, ‘साहेब, मला काही घाई नाही, आपण ठाण्यात जाऊ.’ मग खरोखरच सावलीत बसावे, पाणी प्यावे आणि वहीत त्याचा बिल्ला क्रमांक, वेळ व जागा लिहावी. आवाज चढवू नये, धमकी देऊ नये, आणि कॅमेरा काढू नये; अनेक देशांत सीमा आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांचे चित्रण हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपणहून नोटा पुढे करणे तर कधीच नको. ते अनेक देशांत गुन्ह्यात मोडतेच, शिवाय मागून येणाऱ्या प्रत्येक रायडरचा दर आपण वाढवून ठेवतो.

सामानाची झडती घेतली तर एका वेळी एकच बॅग, आपल्या डोळ्यांसमोर, अशी विनंती करावी. दोन माणसे दोन बाजूंनी तपासू लागली की एका बाजूने वस्तू जाते, किंवा नको ती वस्तू आत येते. पण रात्री, निर्जन रस्त्यावर, शस्त्रधारी माणसांनी पैसे मागितले तर वाद घालू नये. ती लूट आहे. पाकीट द्यावे, निघावे, आणि सुरक्षित ठिकाणी पोहोचून तक्रार करावी.

आठवी पायरी: भाड्याची बाइक

आग्नेय आशियात काही दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट मागतात. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो गहाण ठेवू नये, रोख अनामत द्यावी किंवा दुसरे दुकान पाहावे. दुकानदाराच्याच माणसाने दुसऱ्या किल्लीने बाइक पळवायची आणि मग तुमच्याकडून पूर्ण किंमत वसूल करायची, ही तिथली जुनी फसवणूक आहे. स्वतःचे कुलूप नेले तर ती जवळपास संपते. ओरखड्यांचा व्हिडिओ दुकानदारासमोरच काढावा.

नववी पायरी: चोरी झालीच तर

पहिल्या तासात कार्डे आणि सिम बंद करावे. त्याच दिवशी पोलिसांकडे जाऊन चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असलेला, शिक्का मारलेला अहवाल घ्यावा. फक्त नंबरप्लेट लिहिलेली तक्रार पुढे अपुरी पडते. पोलीस टाळाटाळ करत असतील तर दूतावासाला कळवावे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करावी. त्यानंतर बहुतेक जण जे विसरतात ते करावे, म्हणजे त्या देशाच्या कस्टम कार्यालयाला आणि कार्नेट देणाऱ्या संस्थेला पोलीस अहवालासह लेखी कळवावे. गाडी चोरीला गेली म्हणून आयातशुल्काची जबाबदारी आपोआप जात नाही, आणि कार्नेट नसलेल्या देशातही गाडीशिवाय बाहेर पडताना तात्पुरत्या आयातीच्या कागदावरून अडवले जाऊ शकते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी ईमेल करावा.

गाडी सुखरूप परत आली तरी न्हावा शेवाला भारतीय कस्टमकडून पुनर्आयातीची नोंद कार्नेटवर करून घ्यावी, मुदतीच्या आत तो संस्थेकडे जमा करावा, आणि बँकहमी सुटल्याचे पत्र हाती येईपर्यंत सर्व पावत्या, प्रती आणि शिक्क्यांचे फोटो जपून ठेवावेत.